लांतेमानचा फाटा

ओक्पोती बाबाचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता, हे आधीच सांगून टाकते. रेडिओवर पाऊस सांगितला की हा आभाळाकडे बघायचा आणि म्हणायचा, "का सांगतायत बरं हे? यांचा काय फायदा?" गाडीचं लायसन माइलो पावडरीच्या रिकाम्या डब्यात, डबा सीटखाली, आणि सीटवर स्वतः. रोज सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी चारही चाकांचे नट हाताने चाचपून बघायचा. मी एकदा विचारलं, "बाबा, रात्रीतून नट कोण नेणार?" तर मलाच वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाला, "तुला बरी काळजी गं नटांची?"

मी कोर्कोई. लांतेमानला राहते, केन्के विकते. मक्याचं आंबवलेलं पीठ शिजवायचं, कणसाच्या सालीत गुंडाळून वाफवायचं आणि तळलेल्या माशाबरोबर बाजारात नेऊन बसायचं. एकतीस वर्षं माझं पातेलं आणि मी ओक्पोती बाबाच्या ट्रोट्रोतून हिंडलो. ट्रोट्रो म्हणजे काही मोठं नाही, कुठल्यातरी थंड मुलखात सामान वाहून वाहून थकलेली व्हॅन. आमच्या अक्रा शहरात आणतात, आत बाकं ठोकतात आणि वीस-बावीस माणसं कोंबतात. बाबाची गाडी निळी होती. निदान एकेकाळी तरी निळी होती.

आता फाट्याचं सांगते, कारण सगळं रामायण त्याच्यापायीच घडलं. अगं बाई, बघा, रामायण म्हणून गेले. तुमच्या भाषेत बोलायचं तर तुमचेच शब्द तोंडात येणार.

तर मोठा रस्ता स्टेशनापासून सरळ बाजारापर्यंत जातो. मध्ये एका जुन्या बदामाच्या झाडापाशी डावीकडे लाल मातीचा फाटा फुटतो. मोठ्या गटारावरचा पूल, मग चढ, मग चर्च आणि मग आमचं लांतेमान. सगळं मिळून अडीच किलोमीटर. बाबाच्या परमिटवर लिहिलेलं होतं: स्टेशन ते बाजार, मोठ्या रस्त्याने. फाट्याचं नावही नव्हतं. पण बाबाचं घर लांतेमानला. दुपारी जेवायला म्हणून तो गाडी आत घालायचा. लोक म्हणाले, जातोयसच तर आम्हालाही ने. मग सकाळीही नेऊ लागला, मग संध्याकाळीही. त्याचं बघून स्टेशनातले आणखी पाच जण वळू लागले. वीस वर्षं हे असंच चाललं. परवानगी कुणी दिली नव्हती आणि नको म्हणूनही कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? रस्ता एका खात्याचा, स्टेशन युनियनचं, परमिट नगरसभेचं, आणि दंड करायला पोलीस. चौघांचं एकमेकांशी पटत नाही, म्हणून तर आमचं भागत होतं.

फाट्याच्या तोंडावर कधीमधी पोलीस उभा असायचा. "परमिटवर हा रस्ता नाही, कुठे निघालात?" अशा वेळी काय करायचं हे लांतेमानच्या लेकरालाही ठाऊक. ड्रायव्हरला उघडं पाडायचं नाही. बाबाने तोंडातून "मयत" एवढंच काढायचं, की मागून आम्ही बायका सूर धरायचो. मंगळवारच्या भर दुपारी, जी माणसं कधी जन्मालाच आली नाहीत त्यांच्यासाठी मी ढसाढसा रडलेय. एकदा तर एका हवालदाराने टोपी काढून विचारलं, "कोण गेलं, आई?" आणि मी हुंदके देत म्हटलं, "सगळेच गेले रे बाबा." गाडी पुलापलीकडे गेल्यावर आम्ही हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडलो. बाबा हसला नाही. आरशात बघत म्हणाला, "तो मागून येत नाहीये ना?"

बाबाचा संशय उगीच नव्हता, हेही सांगायला हवं. नाहीतर म्हणाल, म्हातारा वेडसर होता. लष्करातल्या शिपायांचं राज्य होतं तेव्हा त्याच्याकडे लाकडी हौद्याची पहिली गाडी होती, स्वतःच्या मालकीची. फर्मान निघालं, सगळ्यांनी गाड्या नोंदवा, डिझेल स्वस्तात मिळेल. बाबाने नोंदवली. आठव्या दिवशी शिपाई दारात हजर, मका वाहायला गाडी हवी म्हणाले. चार महिन्यांनी गाडी परत आली, पण बिनइंजिनाची. त्यानंतर कितीतरी वर्षांनी जुन्या स्टेशनावर टोप्या घातलेली गोड बोलणारी माणसं आली. गाड्या मोजल्या, टपऱ्या मोजल्या, मला विचारलं, "दिवसाला किती केन्के खपतात?" मी आपली अभिमानाने सांगून मोकळी झाले. तिसऱ्या महिन्यात बुलडोझर आला. माझी चूल, बाक, पितळी पातेलं, सगळं मातीत गेलं. तेव्हापासून मोजणारा माणूस दिसला की मीही आधी पातेलं झाकते.

आणि बाबाची बायको आमेले. तिच्याशिवाय ही गोष्ट होतच नाही. जाडजूड, गोरटेली, हसरी बाई. बाबा जेवढा संशयी तेवढीच ही भोळी. तिला साखरेचा आजार. दोन वर्षांपूर्वी उजव्या पायाची दोन बोटं काढली आणि जखम काही भरून येईना. आठवड्यातून तीनदा इस्पितळात जाऊन पट्टी बदलायची. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं, या पायावर भार टाकायचा नाही, लांब चालायचं तर नावच नाही. जखम पुन्हा उघडली तर गुडघ्यापासून पाय जाईल. म्हणून बाबा गाडी थेट दारापाशी लावायचा, तिला उचलून पुढच्या सीटवर बसवायचा आणि इस्पितळाच्या फाटकात उतरवायचा. टॅक्सी आमच्या चढावर येत नाही, आलीच तर सोन्याच्या भावात. म्हणजे फाटा होता म्हणून आमेलेचा पाय होता. हे बाबाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि गाडीतल्या शेवटच्या बाकावरच्या माणसालाही ठाऊक होतं.

अशातच एका सोमवारी ती पोरगी गाडीत चढली.

अंगात पिवळं जाकीट, हातात फोन, मांडीवर वही. सेलासी तिचं नाव, पण ते नंतर कळलं. स्टेशनात चढली ती बाजारापर्यंत गेली, उतरलीच नाही. त्याच गाडीने परत स्टेशन, परत बाजार. प्रत्येक थांब्यावर फोनला बोट लावायची आणि वहीत काहीतरी खरडायची. बाबाचे डोळे रस्त्यावर कमी आणि आरशात जास्त.

दुसऱ्या फेरीला त्याने तोंड उघडलं. "पोरी, घरदार नाही वाटतं?"

"आहे की, मामा. माझं कामच आहे हे. गाड्या कुठून कुठे जातात ते लिहायचं."

"ते गाडीच्या कपाळावर लिहिलंय. तुला वाचता येत नाही?"

"पाटीवर एक असतं आणि गाडी जाते भलतीकडेच," पोरगी हसून म्हणाली.

झालं! बाबाचा चेहरा असा काही झाला, की मी पातेल्यावरचं फडकं नीट करायचं निमित्त करून खाली बघितलं. बदामाचं झाड आलं. त्या दिवशी आमेले पुढेच बसलेली, इस्पितळातून नवी पट्टी बांधून परत निघालेली. मागे आम्ही अकरा जण लांतेमानचे. बाबाने गाडी फाट्यावर थांबवली, मान न वळवता म्हणाला, "फाटावाले उतरा. गाडी सरळ जाईल."

वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पण एकेक करून सगळे उतरले. म्हातारा लारिया उतरला, त्याचं सिमेंटचं पोतं उतरलं, शाळेतली मास्तरीण उतरली. जणू रोजच उतरतो अशा थाटात सगळे लाल रस्त्याने चालू लागले. मी आमेलेला धरून उतरवलं आणि झाडाखाली माझ्या स्टुलावर बसवलं. गाडी निघून गेली. आम्ही दोघी बसलो तशाच. दोन तासांनी पोरगी कुठेतरी जेवायला उतरली, तशी बाबाने गाडी पळवत आणली, आमेलेला उचललं आणि धूळ उडवत आत नेऊन सोडलं.

"ओकाईचे बाबा, किती ते भ्यायचं!" आमेले गाडीत म्हणत होती. ओकाई त्यांचा मुलगा, कुमासीला असतो. "एवढीशी तर पोरगी."

"मोठ्याला पाठवलं तर आपण सावध होऊ, म्हणून एवढीशी पाठवलीय," बाबा म्हणाला. मलाही ते पटलं. खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी स्टेशनात बाबाने पाचही जणांना गोळा केलं. पिवळं जाकीट दिसलं की फाट्याला वळायचं नाही, कुणी विचारलं तर आपण कधी वळतच नाही. लांतेमानमध्ये निरोप द्यायचं काम माझ्याकडे. दारोदार जाऊन सांगितलं. सहा दिवस ती पोरगी होती आणि सहा दिवस अख्खं लांतेमान मोठ्या रस्त्यावर उतरून गपगुमान चालत घरी गेलं. म्हाताऱ्या, पोटुश्या बाया, लारियाचं सिमेंट. आमेले मात्र घरातच राहिली. दोन पट्ट्या चुकल्या. शनिवारी मी तिच्या खोलीत गेले तर वास येत होता.

त्या आठवड्यात पोरीने मलाही गाठलं. मी फाट्यावर पातेलं डोक्यावर घेत होते, तर ती जवळ येऊन उभी राहिली.

"मावशी, इथे एवढी माणसं उतरतात. आत गाडी जात नाही का कुठलीच?"

"आत?" मी म्हटलं. "अगं, आत गाडी गेली तर आमच्या कोंबड्या अंडी घालायच्या थांबतील."

"मग एवढं लांब चालत?"

"आम्हाला चालायला आवडतं. पोट साफ राहतं."

तिने लिहून घेतलं. मग फोन खाली केला आणि हळू आवाजात म्हणाली, "मावशी, गाडी आत जात असेल तर सांगा. खरंच सांगा. जे चाललंय तेच आम्हाला लिहायचंय. कुणाला दंड नाही, काही नाही."

आता तुम्हीच सांगा, दंड करायला आलेला माणूस आणखी काय वेगळं बोलतो? "दंड नाही" हा शब्द ऐकला आणि माझी उरलीसुरली शंका फिटली. मी म्हटलं, "पोरी, उन्हं वाढली, घरी जा." आणि चालायला लागले. ती कितीतरी वेळ तिथेच उभी होती. चढावरून मागे वळून बघितलं तर अजून फाट्याकडेच बघत होती. मातीत चाकांच्या चाकोऱ्या होत्या, पूर्वीच्या. त्या काही आम्हाला पुसता आल्या नव्हत्या.

ती गेली. बाबा परत फाट्याला वळू लागला, आमेलेच्या पट्ट्या सुरू झाल्या, पायाला थोडी खपली धरली. बाबा मला म्हणाला, "बघितलंस? शहाणपणा केला म्हणून वाचलो." वर्ष सरलं.

मग मोठ्या बस येणार असं ऐकू येऊ लागलं. परदेशातल्या बँकेचा पैसा, रुंद दारं, गार हवा. जुन्या गाड्या जमा करायच्या, आणि युनियनमधल्या ड्रायव्हरांनी नव्या कंपनीत नोकरी धरायची. युनियनचा चेअरमन स्टेशनात खुर्चीवर उभा राहून समजावत होता. बाबा शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून उभा.

"बाबा, सही करा," चेअरमन म्हणाला. "नाही केलीत तर स्टेशनात नंबर लागणार नाही."

"सहीच्या वरती काय लिहिलंय?"

"वाचून दाखवू?"

"तू वाचशील ते मला ऐकू येईल. लिहिलंय काय ते कसं कळणार?"

शेवटी केली सही. नंतर मला कानात सांगितलं, की ती सही वेगळीच केलीय, लायसनवरची नाही. उद्या काही उलटलं तर म्हणता येईल, ही माझी नव्हे. एवढं बोलून त्या दिवशी पहिल्यांदा तो मनापासून हसला.

आणि मग शाळेच्या भिंतीवर थांब्यांची यादी लागली. मास्तरणीने वाचून दाखवली. स्टेशन, पेट्रोल पंप, अमुक, तमुक, लांतेमान फाटा, पुढे इस्पितळ, बाजार. फाट्यावर शेड बांधणार, बाक ठेवणार. आत काही नाही. दिवाळं वाजलं की हो! पुढच्या महिन्यापासून त्या रस्त्यावर जुन्या गाड्या बंद. नव्या बसमध्ये एक डबी असते म्हणे, ठरल्या रस्त्यावरून गाडी हलली की ऑफिसात लाल दिवा लागतो. यादीच्या खाली बारीक अक्षरांत होतं: कुणाची हरकत असेल त्यांनी गुरुवारी सकाळी दहा वाजता शाळेच्या हॉलमध्ये यावं.

अख्खं लांतेमान गेलं. आमेलेला चौघांनी खुर्चीसकट उचलून बाबाच्या गाडीत घातलं. तिने ठेवणीतलं निळं-पांढरं कापड नेसलं होतं, पायाच्या पट्टीवरून स्वच्छ मोजा. समोर टेबलाशी चष्मेवाले साहेब, शेजारी सेलासी तीच वही घेऊन, एका बाजूला चेअरमन. आणि दाराशी भिंतीला टेकून एक तरणाताठा पोलीस, गणवेशात. बाबाने आत पाऊल टाकलं आणि पहिली नजर त्याच्याकडे गेली. माझीही.

"हा कशाला आलाय?" बाबा पुटपुटला.

"सभा म्हटली की पोलीस असतोच," मी म्हटलं. पण मलाही ते बरं दिसलं नाही.

लोक बोलू लागले. बस आत आलीच पाहिजे, म्हातारी माणसं आहेत, आजारी आहेत, चढ आहे. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस शांत होता. शांत माणसांची मला जास्तच भीती वाटते.

"हे बघा," साहेब म्हणाले, "आमचा नियम साधा आहे. जिथे आधीपासून गाडी जाते तिथे बस द्यायची. म्हणून तर आम्ही वर्षभर प्रत्येक गाडीत माणूस बसवला. लांतेमानच्या आत गाडी जाते असं कुठेच सापडलं नाही. सेलासी, वाच."

सेलासीने वही उघडली. सहा दिवस, चाळीस फेऱ्या. ड्रायव्हरला विचारलं, उत्तर: गाडी आत जात नाही. प्रवाशांना विचारलं, उत्तर: जात नाही. "एक केन्केवाल्या बाई म्हणाल्या," तिने वर बघितलं, मला ओळखलं आणि आवाज खाली आला, "आम्हाला चालायला आवडतं. पोट साफ राहतं."

हॉलमध्ये कुणीतरी फस्सकन हसलं. माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. धरणी दुभंगली असती तर मी पातेल्यासकट आत गेले असते. आम्ही ज्याला सापळा समजलो तो तर दरवाजा होता, आणि सहा दिवस खपून आम्हीच तो बंद केला होता. म्हणजे त्या क्षणी तरी तसं वाटलं. नक्की काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

साहेबांनी चष्मा काढला. "मला चाकोऱ्या दिसल्यात. मी काल स्वतः जाऊन आलो. चाकोऱ्यांना सही करता येत नाही. या रस्त्यावरच्या एका ड्रायव्हरने इथे सगळ्यांसमोर सांगावं, की मी गाडी आत नेतो, किती वर्षं नेतो. एकाने. मी उद्या नकाशा बदलतो."

पाचही ड्रायव्हर जमिनीकडे बघत होते. पहिला बोलायचा मान ओक्पोती बाबाचा, तो बोलल्याशिवाय ते कसे बोलणार? मी बाबाकडे बघितलं. त्याच्या कपाळावरून घाम वाहत होता. मला त्याचं डोकं उघडून दाखवल्यासारखं दिसत होतं. परमिटबाहेर वीस वर्षं, सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने, दाराशी पोलीस. कबूल करवून घ्यायची याहून सोपी रीत कुठली? लायसन जाईल, नवी नोकरी जाईल. आणि दुसरीकडे आमेलेचा पाय.

बाबाने पुढच्या खुर्चीची पाठ धरली आणि उठायला लागला.

उठत होता हो. मी शपथेवर सांगते. गुडघे अजून वाकलेले होते, तोंड उघडलं होतं. तेवढ्यात दाराशी उभ्या पोलिसाने खिशात हात घातला आणि एक घडी केलेला कागद बाहेर काढला.

आमेलेने ते बघितलं. जन्मभर भोळी असलेली ती बाई, त्या एका घटकेला नवऱ्याच्याही वरताण संशयी निघाली. काठी टेकून ताडकन उभी राहिली.

"साहेब," ती म्हणाली, "गाडी आत येत नाही. कधीच आली नाही. मी याच ड्रायव्हरची बायको, मला नाही ठाऊक होणार? मी चालत येते."

साहेबांनी तिच्या पायाकडे बघितलं. "या पायाने?"

"या पायाने."

आणि मग मागून लारिया म्हणाला, "खरंय, आम्ही चालतच येतो." मास्तरीण म्हणाली, "चालतच." मग सगळा हॉल. मीसुद्धा. काय करणार, जिभेला सवयच तशी. ड्रायव्हरला उघडं पाडायचं नाही. बाबा अर्धवट उठलेला तसाच राहिला, मग हळूच खाली बसला. साहेबांनी चष्मा लावला आणि वही मिटली. सेलासीचे डोळे भरले होते. का ते मला तेव्हा कळलं नाही, मला वाटलं, डाव फसला म्हणून.

बाहेर पडताना तो पोलीस माझ्याजवळ आला. मी पातेलं घट्ट धरलं.

"मावशी, असं का केलंत तुम्ही?" त्याचा आवाज रडवेला होता. "माझी आई चर्चच्या मागे राहते. तीन महिने झाले तिला इथे आणून. तिला अजिबात चालवत नाही. ड्युटीवरून थेट आलो मी." त्याने तो कागद उघडून दाखवला. मला वाचता येत नाही. मास्तरणीने वाचला. बस आत यावी म्हणून अर्ज होता, खाली त्याची सही. "बाबा बोलले असते तर दुसरा मी बोलणार होतो."

खरंखोटं देव जाणे. चर्चच्या मागे एक नवी म्हातारी राहायला आलीय हे खरं. पण तिचा मुलगा पोलीस आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं असतं, तर आम्ही तिच्याशी तरी बोललो असतो का?

बाबाला ही गोष्ट मी सांगितली नाही. आजतागायत नाही.

निळी गाडी जमा झाली. बाबाला नवी बस मिळाली, नवा पांढरा शर्ट, खिशावर नाव. पहिल्या दिवशी, पट्टीच्या सोमवारी, मी सकाळी आमेलेला घ्यायला गेले. पायाला पट्टी, त्यावर मोजा, त्यावर मातीसाठी प्लास्टिकची पिशवी रबराने बांधलेली. एक हात काठीवर, एक माझ्या खांद्यावर. उतरणीला म्हणाली, "कोर्कोई, एखादी गंमत सांग गं." मी तिला त्या "सगळेच गेले रे बाबा" वाल्या हवालदाराची गोष्ट सांगितली. हसली. पुलापर्यंत चार वेळा बसली. पुलानंतर मी मोजायचं सोडून दिलं.

शेड छान बांधलीय, नाही म्हणणार नाही. बस अगदी वेळेवर आली. दार आपोआप उघडलं आणि स्टिअरिंगमागे बाबा. तो उतरला. कुणाकडे न बघता आमेलेच्या पायाशी वाकला. पिशवीच्या आत मोजा लाल झाला होता.

"काय हे?" बाबाने विचारलं.

"माती," आमेले म्हणाली. "लाल माती. आत गेली."

बाबाने पिशवी थोडी सोडवली, नव्या शर्टाच्या बाहीने पुसलं. बाही लाल झाली. त्याने परत पुसलं.

"मातीच आहे, बाबा," मी म्हटलं.

आमच्या आधी फाट्यावर येऊन बसमध्ये चढलेला लारिया दारातून डोकावला, त्याच्या मागून मास्तरीण. बसमधल्या सगळ्या लांतेमानकरांनी एका सुरात सांगितलं, "मातीच आहे, बाबा. मातीच."

बाबा उठला. आमेलेला उचलून पुढच्या सीटवर ठेवलं, आपल्या जागेवर बसला आणि गाडी सरळ इस्पितळाच्या दिशेने काढली. एकतीस वर्षांत त्याने कुणाचं काही खरं मानलेलं मी बघितलं नव्हतं. त्या दिवशी त्याने आमचं मानलं.